विदर्भातून परराज्यात रायफल नेताना: नव्या नेमबाजांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

विदर्भातल्या नेमबाजाला राज्याची हद्द लवकर ओलांडावी लागते. गोंदियाच्या पोराला पुण्याच्या बालेवाडीपेक्षा रायपूर कितीतरी जवळ. वरुड-मोर्शीकडच्यांना भोपाळ सोयीचं, चंद्रपूर-वणीकडच्यांना हैदराबाद. पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथवर पोचलं की भोपाळची अकादमी किंवा दिल्लीची तुघलकाबादची कर्णी सिंग रेंज ठरलेलीच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं, त्यानंतर आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतूनही आईवडील विचारू लागले की पोरीला रायफल शिकवायची तर कुठून सुरुवात करायची. शिकवणारे भेटतात. पण रायफल पेटीत घालून सीमेपलीकडे कशी न्यायची, हे नीट सांगणारं फारसं कोणी भेटत नाही. मग एक तर भीतीपोटी स्पर्धा बुडते, नाहीतर "काही होत नाही, चला" म्हणून माणसं निघतात. दुसऱ्या प्रकारात तरुण नेमबाजाच्या नावावर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हातात काय आहे ते ओळखा

नव्यांपैकी बहुतेकांकडे एअर रायफल किंवा एअर पिस्तूल असतं. आपल्या कायद्यात ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअरगनला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेची रायफल १० ज्यूलच्या आतच असते, त्यामुळे ती या सवलतीत आरामात बसते. ती परराज्यात न्यायला शस्त्र परवाना नको. मात्र दुकानाचं बिल, त्यावरचा रायफलचा क्रमांक, तुमचं आधार कार्ड आणि स्पर्धेचं पत्र सोबत हवंच. रस्त्यावरचा शिपाई पेटी उघडून बोअर मोजत बसणार नाही, तो कागद पाहील.

इथे एक गफलत फार होते. बाजारात .२२ बोअरची, म्हणजे ५.५ मिलिमीटरची एअरगनही मिळते. पक्षी आणि डुकरं हाकलायला म्हणून काही घरांत ती पडलेली असते. "छर्र्याची तर आहे" म्हणून तिला मोकळीक नाही. बोअर .१७७ पेक्षा मोठा झाला की ती परवान्याच्या कक्षेत येते. आणि तिनं रानातलं पाखरू मारलं तर वन्यजीव कायद्याचा गुन्हा वेगळा.

त्यापुढची काडतुसाची .२२ रायफल, .२२ स्पोर्ट पिस्तूल आणि ट्रॅप-स्कीटची, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या टिपण्याच्या प्रकारांची, १२ बोअर शॉटगन ही सगळी खरी अग्निशस्त्रं आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ त्यांना पूर्ण लागू होतात. या लेखातला मोठा भाग त्यांच्यासाठीच आहे.

आणखी एक गोष्ट विदर्भापुरती. आपल्याकडे पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी आजोबांच्या काळापासून भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची बंदूक आहे, पीक संरक्षणाच्या परवान्यावर. हा परवाना वावरातल्या पिकाच्या राखणीसाठी दिलेला असतो. ती बंदूक सरावासाठी शेजारच्या राज्यातल्या रेंजवर नेता येत नाही. पीक संरक्षणाच्या नावावर खेळ करू नका. खेळासाठी परवाना हवा असेल तर त्यासाठी स्वतंत्र अर्ज करा. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी .२२ रायफलचा परवाना देण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम १३ मध्ये स्पष्ट आहे. क्लबचं सदस्यत्व आधी, परवाना नंतर, हा क्रम लक्षात ठेवा.

परवाना वाचा, ओळ न ओळ

परवाना कपाटात असतो, पण तो शेवटपर्यंत वाचलेला माणूस विरळा. प्रवासाचा विचार डोक्यात आला की तो काढून टेबलावर ठेवा.

सगळ्यात आधी क्षेत्राची ओळ शोधा. परवाना कुठल्या भागात वैध आहे ते तिथे लिहिलेलं असतं. एखाद्या जिल्ह्यापुरता, महाराष्ट्रापुरता, काही राज्यांपुरता किंवा संपूर्ण भारतभर. आपल्या प्रवासाचा सगळा निकाल या एका ओळीवर लागतो. तिथे "महाराष्ट्र राज्य" असेल तर खवासा, देवरी, पिंपळखुटी यांपैकी कुठलाही नाका ओलांडल्यावर तुमच्याकडचा परवाना त्या शस्त्राला संरक्षण देत नाही. परवान्याच्या अटीचा भंग हा कलम ३० खालचा गुन्हा आहेच. पण पोलिसांनी ते विनापरवाना शस्त्र मानून कलम २५ लावलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथली शिक्षा दोन ते पाच वर्षांची आहे. "स्पर्धेला चाललो होतो" हे कारण न्यायालयात सांगता येईल, नाक्यावर ते पुरणार नाही.

मग मुदत. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली, त्यामुळे आता ती विसरायला जास्त वेळ मिळतो, आणि लोक विसरतातही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी द्यायचा असतो. स्पर्धा त्या काळात येत असेल तर आणखी आधी द्या.

परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीचा विशिष्ट क्रमांक आहे का ते पहा. जुन्या वहीवर तो नसेल तर प्रवास बाजूला ठेवा आणि आधी तो प्रश्न सोडवा. शस्त्राचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी एकेक अंक जुळवून पहा. हातानं लिहिलेल्या जुन्या नोंदीत ३ चा ८ आणि १ चा ७ झालेला असू शकतो, आणि ती चूक दुसऱ्या राज्यातल्या ठाण्यात बसून दुरुस्त होत नाही. शेवटी काडतुसांचा आकडा. एका वेळी किती बाळगता येतील आणि वर्षात किती घेता येतील, हे दोन वेगळे आकडे असतात. प्रवासात पहिला महत्त्वाचा.

क्षेत्र वाढवून घेणं

क्षेत्र कमी पडत असेल तर परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. नागपूर आणि अमरावती शहरात तो पोलीस आयुक्तालयात जातो. बाकी सगळ्या विदर्भात जिल्हाधिकारी, म्हणजे प्रत्यक्षात जिल्हाधिकारी कार्यालयातली गृह शाखा. देशभराची वैधता सरसकट कुणाला मिळत नाही, पण ज्यांना ती देता येते त्यांत खेळाडूंचा समावेश आहे. त्यामुळे अर्जात "मला बाहेर जायचं आहे" एवढं लिहून भागत नाही. तुम्ही खेळाडू आहात हे कागदावर दिसलं पाहिजे. क्लबचं सदस्यत्व, राज्य रायफल संघटनेचं पत्र, राष्ट्रीय रायफल संघटनेचं ओळखपत्र, खेळलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रं, येत्या स्पर्धेचं वेळापत्रक हे सगळं अर्जाला जोडा. राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेला किमान स्कोअर करून ज्यांनी "रिनाउन्ड शॉट" हा दर्जा मिळवला आहे, त्यांची बाजू साहजिकच भक्कम असते. नव्यांनी संघटनेच्या शिफारसपत्रावर भर द्यावा.

देशभराच्या वैधतेची फाईल राज्याच्या गृह विभागापर्यंत जाऊ शकते. तोवर कागद ठाण्यात जाईल, तिथून पडताळणीला बीट जमादार येईल, कधी पोलीस पाटलालाही विचारलं जाईल. यात महिने जातात. म्हणून माझं सांगणं असं की पहिला अर्ज करतानाच क्षेत्राची मागणी खेळाच्या गरजेप्रमाणे करा. ते जमलं नसेल तर स्पर्धेच्या प्रवेशिकेची वाट पाहू नका, हंगाम संपल्या संपल्या अर्ज द्या. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी "देतो हो" यावर परत येऊ नका. गृह शाखेतला कारकून तुमचा शत्रू नाही, पण त्याच्या टेबलावर शंभर फायली आहेत, आणि आवक क्रमांक सांगितला की तुमची फाईल निघते.

वेळेत क्षेत्र वाढलं नाही तर? तर त्या वर्षी ते शस्त्र सीमेपलीकडे जाणार नाही. एअरचा प्रकार खेळा, किंवा राज्यातल्या राज्यात स्पर्धा खेळा. दुःख होतं, ठाऊक आहे. पण दुसरा रस्ता नाही.

शस्त्र कोणाच्या हातात?

ज्याचा परवाना त्याच्या ताब्यात शस्त्र. हे सोपं वाक्य घरातल्या घरात सगळ्यात जास्त मोडलं जातं. परवाना काकाचा, गाडी दादाची, स्पर्धा पुतणीची, आणि काका ऐनवेळी सोयाबीन काढायला थांबतात. "तू घेऊन जा, मी मागून येतो." इथेच थांबा. परवानाधारकासोबत असताना, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसऱ्या माणसाला शस्त्र नेता येतं, पण तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. दुसऱ्याचं शस्त्र आपल्या स्पर्धेसाठी एकट्यानं घेऊन जाण्याला त्यात जागा नाही.

२१ वर्षांखालच्या मुलांचा नियम वेगळा वाचा. त्यांना स्वतः अग्निशस्त्र बाळगता येत नाही. १२ वर्षांपुढच्या मुलांना प्रशिक्षण आणि सरावासाठी प्रशिक्षक किंवा परवानाधारक प्रौढाच्या थेट देखरेखीखाली वापरता येतं. सार्वजनिक जागी मात्र शस्त्र कायदेशीर हक्क असलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष सोबतीशिवाय मुलाच्या हाती जाता कामा नये. म्हणजे तुमची सतरा वर्षांची मुलगी .२२ घेऊन एकटी रेल्वेत बसू शकत नाही, आणि परवाना नसलेले तुम्ही सोबत बसलात तरी ते चालत नाही. क्लबच्या शस्त्रावर खेळत असेल तर क्लबनं कोणाला, कोणत्या कागदावर पाठवलं आहे ते लेखी घ्या.

याच्याशीच जोडलेली एक बारीक गोष्ट. सुरक्षेसाठी बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, काढून वेगळा ठेवणं चांगलं. पण कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही अग्निशस्त्रातच येतात. म्हणून तो बोल्ट मित्राच्या बॅगेत टाकू नका. वेगळा ठेवा, पण तुमच्याच ताब्यात.

रस्ता निवडताना जंगल बघा

हा भाग मुंबई-पुण्याच्या नेमबाजाला फारसा लागत नाही. आपल्याला पावलोपावली लागतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या आगाऊ लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू आहे. आणि त्या कायद्यातली शस्त्राची व्याख्या फार रुंद आहे. प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन तिच्यात येतं. त्यामुळे एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नसला तरी अभयारण्यात ती शस्त्रच धरली जाते.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल, धारणी करत बऱ्हाणपूर-खंडव्याकडे जाणारा रस्ता मेळघाटातून जातो. जवळचा वाटला तरी रायफलसोबत तो नको. अमरावतीहून मोर्शी, वरुड, मुलताई, बैतूल असं वर निघा. नागपूरहून सिवनीकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग पेंचच्या जंगलाला लागून जातो, साकोली-देवरीचा रस्ता नवेगाव-नागझिऱ्याच्या पट्ट्यातून, पांढरकवड्याहून आदिलाबादकडे जाताना टिपेश्वर जवळ. महामार्गावरून सरळ जाणं एक आणि पेटी गाडीत ठेवून सफारीच्या गेटाकडे वळणं दुसरं. स्पर्धेहून येता येता "पोरांना वाघ दाखवू" हा बेत रायफल गाडीत असताना करू नका. आणि तुमच्या मार्गाचा एखादा तुकडा अभयारण्याच्या हद्दीतूनच जात असेल, दुसरा रस्ताही नसेल, तर वनविभागाकडून आधी लेखी परवानगी घ्या. शेजारच्या राज्यातल्या जंगलांनाही हाच कायदा आहे, तेव्हा नकाशा मुक्कामापर्यंत पहा.

ज्यांचं गावच जंगलाकाठी आहे त्यांनी कलम ३४ वाचावं. अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकानं वनविभागाकडे नाव नोंदवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती लागते. ताडोबा, बोर, टिपेश्वर, पेंच, नागझिरा, मेळघाट यांच्याभोवतीची कितीतरी गावं यात येतात. नाक्यावर वनरक्षक भेटला आणि ही नोंद तुमच्याकडे निघाली, तर पुढचं बोलणं बरंच सोपं जातं.

गडचिरोलीकडून छत्तीसगड किंवा तेलंगणात उतरणाऱ्यांनी रात्रीचा प्रवास टाळावा. त्या भागात तपासणी कडक असते, आणि असायलाही हवी. दिवसा, मोठ्या रस्त्यानं, हाताशी कागद ठेवून निघा.

निवडणूक आणि बंदी आदेश

निवडणूक जाहीर झाली की जिल्ह्यात परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या छाननी समितीकडे सूट मागता येते. खेळाडूनं स्पर्धेचं पत्र जोडून हा अर्ज पहिल्या दोन-चार दिवसांतच द्यावा, आणि लेखी सूट हातात येईपर्यंत शस्त्र घराबाहेर काढू नये.

आपण आपल्या निवडणुका लक्षात ठेवतो, शेजाऱ्यांच्या विसरतो. मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगण या आपल्या तिन्ही शेजारी राज्यांच्या विधानसभा निवडणुका २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये झाल्या, महाराष्ट्राची २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये. वर्षअखेर हाच राष्ट्रीय स्पर्धांचाही हंगाम असतो. म्हणजे इथे काही नाही आणि सीमेपलीकडे आचारसंहिता, असं होऊ शकतं. निघण्याआधी आयोजकांना विचारा की त्या जिल्ह्यात आदेश आहेत का, आणि खेळाडूंसाठी त्यांनी काय परवानगी घेतली आहे.

सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघतात. तणाव असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ होतं. पोळा, गणपती, दसरा यांच्या आसपास निघायचं असेल तर ठाण्यात एक फेरी मारा. ठाणेदारांना भेटून प्रवासाचा मार्ग, तारखा, शस्त्राचा क्रमांक आणि स्पर्धेचं पत्र असा एक पानी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. परवाना त्या क्षेत्रात वैध असेल तर ही पूर्वसूचना कायद्यानं सक्तीची नाही. तरी मी प्रत्येकाला ती द्यायला सांगतो. परक्या राज्यातल्या पोलिसानं तुमच्या ठाण्याला फोन केला आणि पलीकडून "हो, आमच्याकडे नोंद आहे" असं उत्तर गेलं, की निम्मा वेळ वाचतो.

कागदांची थैली

मूळ परवाना, त्याच्या झेरॉक्स प्रती, आधार, संघटनेचं ओळखपत्र, स्पर्धेची प्रवेशिका किंवा निमंत्रण, शस्त्राचं बिल, काडतुसांच्या खरेदीची पावती, ठाण्याची पोच. झेरॉक्सवर परवाना सिद्ध होत नाही, मूळ प्रत लागतेच. क्लबचं पत्र मराठीसोबत हिंदी किंवा इंग्रजीतही करून घ्या. आदिलाबादच्या हवालदाराला आपलं मराठी पत्र वाचता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. ही थैली शस्त्राच्या पेटीत ठेवायची नाही. कागद दाखवण्यासाठी पेटी उघडावी लागणं हीच अडचणीची सुरुवात असते.

पेटी भरताना

रायफल रिकामी आहे हे आधी स्वतः पहा, मग दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवा. बोल्ट काढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, बोट घालून खात्री करा, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात नारिंगी सेफ्टी फ्लॅग टाका. मग कडक पेटीत, दोन कुलपांत. मॅगझीन रिकामं. काडतुसं त्यांच्या मूळ खोक्यात, वेगळ्या कुलूपबंद डब्यात, मोजून, आकडा कागदावर लिहून. नियम सांगतो की सार्वजनिक जागी शस्त्र पूर्ण झाकलेलं आणि त्यासाठीच्या आवरणात हवं, आणि ते नेणाऱ्याचा त्याच्यावर ताबा हवा. पेटीवर बंदुकीचं चित्र, कंपनीचे मोठे स्टिकर नकोत. प्रवास सुरू होताना मोबाईलवर फोटो टाकून "निघालो" असं गावाला कळवू नका. चोरालाही कळतं.

आपल्या उन्हाचा विचार वेगळा करा. एप्रिल-मे महिन्यात चंद्रपूर, अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो. बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. एअर रायफलचा दाबाच्या हवेनं भरलेला सिलिंडर आणि काडतुसं अशा गाडीत सोडू नका. सिलिंडरमधला दाब उष्णतेनं वाढतो. एअर सिलिंडरवर उत्पादनाची तारीख असते, आणि स्पर्धेच्या नियमांत त्याचं आयुष्य दहा वर्षांचं धरलं आहे. जुनी रायफल विकत घेतली असेल तर ती तारीख आजच पहा.

गाडी, रेल्वे, विमान

स्वतःची गाडी सगळ्यात बरी. पेटी डिकीत, काडतुसांचा डबा वेगळा, कागद पुढे. जेवायला ढाब्यावर थांबलात तर एक माणूस गाडीपाशी राहील. सगळे मिळून जेवायला बसायचं नाही. एसटीच्या किंवा खाजगी बसच्या गर्दीत, टपावर किंवा पोटातल्या डिकीत शस्त्र देऊ नका, तिथे तुमचा ताबा उरतच नाही. तसंच ते कुरिअरनं किंवा ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं पाठवणं पूर्णपणे वर्ज्य.

रेल्वेत परवानाधारक आपलं शस्त्र सोबत नेतात, आणि भोपाळ, सिकंदराबाद, रायपूरला जाणाऱ्या आपल्याकडच्या नेमबाजांचा तोच नेहमीचा मार्ग आहे. आरक्षित डबा, खालचा बर्थ, पेटी बर्थखाली साखळीनं बांधलेली, आणि दोघांपैकी एक जण कायम जागेवर. नागपूरसारख्या स्टेशनवर सामान स्कॅनरमध्ये टाकण्याआधीच सुरक्षा बलाच्या जवानाला सांगा आणि कागद पुढे करा. यंत्रावर बंदुकीचा आकार दिसल्यावर सांगितलेलं आणि आधी सांगितलेलं, यांत मोठा फरक पडतो. शेजारच्या प्रवाशानं विचारलं तर "खेळाचं सामान आहे" एवढंच सांगा.

विमानाला वेळ जास्त द्या. शस्त्र, एअर रायफलसुद्धा, केबिनमध्ये कधीच जात नाही. चेक-इनच्या काउंटरवर जाहीर करायचं, रिकामं असल्याचं दाखवायचं, परवाना दाखवायचा, मग ते सामानात जातं. काडतुसांना विमान कंपनीची आगाऊ मान्यता लागते. आंतरराष्ट्रीय नियमांत एका प्रवाशाला ५ किलोपर्यंतची मर्यादा आहे, पण कंपनी त्याहून कमी ठरवू शकते आणि वेगळं शुल्क घेऊ शकते. तिकीट काढण्याआधी कंपनीला ईमेल करा, उत्तर छापून घ्या. एअर सिलिंडर पूर्ण रिकामा करावा लागतो. भरण्याचा मोठा सिलिंडर नेऊ नका, रेंजवर हवा भरून मिळते. साफसफाईचं ज्वलनशील द्रावण घरी ठेवा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची सुटी लिथियम बॅटरी मात्र हातातल्या बॅगेत. काउंटरवर तीन तास आधी पोचा.

नाकाबंदीत थांबवलं तर

गाडी बाजूला घ्या, आतला दिवा लावा, हात स्टेअरिंगवर दिसू द्या. मग शांतपणे म्हणा, "साहेब, गाडीत परवान्याची स्पोर्ट रायफल आहे. रिकामी आहे, कुलपात आहे. स्पर्धेला चाललो. कागद आधी दाखवतो." मध्य प्रदेशात हेच हिंदीत. पेटी आपणहून उघडू नका. त्यांनी सांगितलं तर गाडीतून उतरून, त्यांच्या समोर, सावकाश उघडा, आणि रायफल हातात उचलू नका, त्यांना पाहू द्या. शस्त्र नेणाऱ्याकडे परवाना मागण्याचा पोलिसाला शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ नं अधिकार दिलेला आहे, त्यामुळे "का मागता?" हा प्रश्नच नाही. ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावणं, व्हिडिओ काढत बसणं, आवाज चढवणं यानं फक्त नुकसान होतं. शस्त्र ताब्यात घेतलंच तर पंचनाम्याची किंवा पावतीची प्रत घ्या, अधिकाऱ्याचं नाव आणि ठाणं लिहून घ्या, आणि लगेच आपल्या संघटनेला कळवा.

मुक्काम आणि परतीचा प्रवास

बहुतेक मोठ्या रेंजवर आर्मरी, म्हणजे शस्त्रं ठेवायची कुलूपबंद खोली असते. रात्री शस्त्र तिथे जमा करून पावती घ्या. ती सोय नसेल आणि लॉजवर राहणं भाग असेल तर खोलीत एक माणूस कायम हवा, आणि बोल्ट व काडतुसं पेटीपासून वेगळ्या कुलपात. गाडीत रात्रभर शस्त्र ठेवू नका. नातेवाइकाच्या घरी उतरलात तर त्यांच्या पोरांना पेटी दाखवायची नाही, कितीही हट्ट केला तरी.

शस्त्र हरवलं किंवा चोरीला गेलं तर जिथे लक्षात आलं तिथल्याच जवळच्या ठाण्यात लगेच तक्रार द्या, आणि आपल्या परवाना प्राधिकाऱ्याला लेखी कळवा. घरी जाऊन बघू म्हणून वाट पाहू नका.

स्पर्धा संपल्यावर वापरलेल्या आणि उरलेल्या काडतुसांचा हिशेब रेंजवरच लिहा. थकलेले असता, पदक मिळालेलं असतं किंवा हुकलेलं असतं, घरी जायची घाई असते. तरीही चेंबर तपासणं, फ्लॅग, दोन कुलपं, वेगळा डबा हे सगळं येताना होतं तसंच. रिकामी खोकी आणि जिवंत काडतुसं एकाच पिशवीत कोंबू नका. दुसऱ्या राज्यात काडतुसं विकत घेतली असतील तर विक्रेत्यानं परवान्यावर नोंद केली आहे का आणि एकूण साठा तुमच्या मर्यादेत बसतो का, हे दुकानातच पहा.

घरी पोचल्यावर रायफल पुसून, सुटी करून स्टीलच्या कुलूपबंद कपाटात. किल्ली परवानाधारकाकडे. दुसऱ्या दिवशी ठाण्यात परतल्याचं कळवा, आणि पुढच्या हंगामासाठी परवान्याच्या मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवा, ६० दिवस आधीच्या पानावर.